व्हिक्टोरियन काळातली ‘नर्व्ह टॉनिक’ औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पेटंट औषधांबद्दल, त्यातही ‘नर्व्हस’ तक्रारींवरच्या औषधांबद्दल जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका ठिकाणी घेतलेत. व्हिक्टोरियन म्हणजे १८३७ ते १९०१, राणी व्हिक्टोरियाचा काळ. अमेरिकेत राणीबिणी नव्हती पण या औषधांचा धंदा तिथेच जास्त फोफावला, त्यामुळे इंग्लंड-अमेरिका दोन्ही धरलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पेटंट मेडिसिन म्हणजे पेटंट घेतलेलं औषध ना?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीला इंग्लंडच्या राजाकडून काही औषधांना सनद मिळायची, १७१२ साली रिचर्ड स्टॉटनने त्याच्या एलिक्सिरचं रीतसर पेटंट घेतलं, आणि ते नाव मागाहून सगळ्याच बाटल्यांना चिकटलं. पण पेटंट घ्यायचं म्हणजे फॉर्म्युला लिहून द्यावा लागतो आणि १४ वर्षांनी तो कोणीही वापरू शकतो, मग कोण कशाला घेईल? त्यापेक्षा फॉर्म्युला गुप्त ठेवायचा आणि नाव, लेबल, मालकाची सही यांच्यावर हक्क सांगायचा, हे सोपं पडायचं. तर या काळापुरतं पेटंट औषध म्हणजे चिठ्ठीशिवाय दुकानात किंवा पोस्टाने मिळणारं, जोरदार जाहिरात केलेलं, आणि ज्यात काय आहे हे फक्त बनवणाऱ्यालाच माहीत असलेलं औषध.

२. आणि ‘नर्व्हस कंप्लेंट’ म्हणजे नक्की कुठला आजार?

एक असा नाहीच. झोप न लागणं, धडधड, हातपाय गळून जाणं, डोकं दुखणं, चिडचिड, रडू येणं, पोटात गोळा येणं, भीती वाटणं, कशात मन न लागणं, हे सगळं त्यात यायचं. आज यातल्या एखाद्याला डिप्रेशन म्हणतील, एखाद्याला अँग्झायटी, एखाद्याचं थायरॉइड निघेल, कोणाचं हिमोग्लोबिन सात असेल.

१८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड नावाच्या डॉक्टरने याला ‘न्यूरस्थेनिया’ हे नाव लोकप्रिय करून दिलं. त्याची कल्पना अशी की माणसाच्या नसांमध्ये शक्तीचा ठरावीक साठा असतो आणि तो वापरून वापरून संपतो. १८८१ मध्ये त्याने कारणं पण सांगितली : वाफेची इंजिनं, वर्तमानपत्रं, तार, विज्ञानाची प्रगती आणि बायकांनी डोकं चालवणं. शेवटचं वाचून हसू येतं, पण तेव्हा हे गंभीरपणे घेतलं गेलं. बिअर्डच्या मते हा खास अमेरिकन, सुशिक्षित, बिझी लोकांचा आजार, त्यामुळे तो असणं ही थोडी मिरवायची गोष्ट झाली. औषधवाल्यांना आणखी काय पाहिजे, साठा संपलाय ना, मग आमची बाटली घ्या, भरून निघेल. रेक्सॉल कंपनीने पुढे ‘अमेरिकनायटिस एलिक्सिर’ नावाने टॉनिकच काढलं, यावरून हवा कशी होती ते कळतं.

३. लोक सरळ डॉक्टरकडे का जायचे नाहीत?

पैसे हे पहिलं कारण. फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल या डॉक्टरची ‘रेस्ट क्युअर’ तेव्हा फेमस होती, त्यात बाईला कित्येक आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचं, भरपूर दूध पाजायचं, मालिश करायची, आणि वाचायचं नाही, लिहायचं नाही, घरच्यांना भेटायचं नाही. घरात कामाला बायका आणि बँकेत पैसा असेल तरच जमणारी ट्रीटमेंट. गिरणीत जाणाऱ्या किंवा पाच पोरं सांभाळणाऱ्या बाईला एक डॉलरची बाटली परवडायची.

दुसरं कारण लाज. पाळी, गर्भाशय, झोप, नवराबायकोतलं काही, हे पुरुष डॉक्टरसमोर बोलायचं कसं? बाटलीला काही सांगावं लागत नाही. तिसरं म्हणजे डॉक्टरकडे तरी वेगळं काय होतं, त्यासाठी प्रश्न ५ बघा.

४. बाटलीत असायचं तरी काय? नुसतं रंगीत पाणी का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि यातच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की ही फसवणूक होती म्हणजे त्यात काहीच नव्हतं. काही बाटल्यांत खरंच काही नव्हतं, पण नर्व्ह टॉनिकच्या बाबतीत भानगड उलटी, त्यात चांगलाच असर करणारा माल असायचा आणि घेणाऱ्याला ते माहीत नसायचं. रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला एका डोसात झोप लागली तर तो औषधाला खोटं कसं म्हणणार? झोप खरीच लागलेली असायची.

ढोबळमानाने सांगायचं तर सगळ्यात कॉमन दारू. बॉस्टनकडच्या तपासणीचे जे आकडे १९०४ मध्ये छापून आले त्यात पेन्स सेलरी कंपाउंडमध्ये सुमारे २१ टक्के अल्कोहोल, पेरुना मध्ये २८ च्या वर, आणि हॉस्टेटर्स बिटर्समध्ये तर ४४ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या व्हिस्कीपेक्षा कडक. मग ब्रोमाइड (प्रश्न ६). मग अफू किंवा मॉर्फिन, हे वेदना, जुलाब, खोकला आणि पोरांच्या रडण्यावरच्या औषधांत जास्त, मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप त्यातलंच, एका औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन आणि ते दात येणाऱ्या बाळांना! काहींमध्ये कोका (प्रश्न ९). टॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्यांत क्विनाइन, लोह, आणि चिमूटभर स्ट्रिकनीन, म्हणजे आपला कुचला. हो, तोच विषारी कुचला, अगदी कमी मात्रेत तो कडू टॉनिक म्हणून सर्रास दिला जायचा, ईस्टन्स सिरप नावाच्या डॉक्टरी औषधातसुद्धा लोह, क्विनाइन आणि स्ट्रिकनीन हेच त्रिकूट होतं.

सगळ्यात अफू होती असं मात्र समजू नका, ते पण चूक. लिडिया पिंकहॅमच्या बाटलीत (प्रश्न ७) अफू नव्हती, बीचमच्या गोळ्यांत (प्रश्न १३) नव्हती.

५. डॉक्टरांची औषधं तरी बरी होती का?

तीच होती की! ब्रोमाइड, अफू, क्लोरल, दारू, क्विनाइन, सगळं डॉक्टर पण लिहून द्यायचे. फरक एवढाच की डॉक्टरला मात्रा माहीत असायची, आणि तेही नेहमी उपयोगी पडायचं नाही. क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध १८६९ मध्ये बर्लिनच्या लीब्राइखने आणलं आणि दोनचार वर्षांत ते घरोघरी पोचलं. कवी-चित्रकार रोझेटीला त्याचं व्यसनच लागलं. शाळेत ‘टिंडल इफेक्ट’ शिकलात ना, तो जॉन टिंडल निद्रानाशाचा पेशंट होता, १८९३ मध्ये त्याच्या बायकोने मॅग्नेशियाऐवजी चुकून क्लोरलचा मोठा डोस दिला आणि तो गेला. बाटली पेटंटची नव्हती, डॉक्टरचीच होती.

६. ब्रोमाइड म्हणजे काय आणि ते एवढं वाईट का?

पोटॅशियम, सोडियम, अमोनियम यांचे ब्रोमीनबरोबरचे क्षार. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉकने फिट्स येणाऱ्या बायकांवर पोटॅशियम ब्रोमाइड वापरून गुण आल्याचं सांगितलं, आणि मिरगीवर ते खरंच चालायचं, त्याआधी तसं चालणारं फारसं काही नव्हतंच. मज्जासंस्था मंद होते, माणूस शांत होतो, झोपतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या डॉ. फ्रँकलिन माइल्सने १८८० च्या दशकात ‘रिस्टोरेटिव्ह नर्व्हाइन’ काढलं, त्यातला खरा माल हाच. बाल्टिमोरच्या आयझॅक इमर्सनने १८८८ मध्ये ब्रोमो-सेल्ट्झर काढलं, निळ्या बाटलीतलं, पाण्यात टाकलं की फसफसणारं, त्यात ब्रोमाइड अधिक ॲसिटॅनिलाइड हे वेदनाशामक. ॲसिटॅनिलाइडने जास्त डोस झाला तर रक्त बिघडून ओठ, नखं निळी पडायची.

ब्रोमाइडची गोम अशी की ते शरीरातून पटकन बाहेर पडत नाही. किडनीला ब्रोमाइड आणि मिठातलं क्लोराइड यात फार फरक कळत नाही, ती दोन्ही धरून ठेवते, घेतलेल्या ब्रोमाइडपैकी निम्मं जायलाच साधारण १२ दिवस लागतात. आता दिवसातून तीनदा चमचा घेणारी बाई धरा. पहिल्या आठवड्यात छान झोप, शांत वाटतं, शेजारणीला पण सांगते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत रक्तात साचत गेलेलं असतं, मग विसरायला होतं, बोलताना जीभ जड, चेहऱ्यावर पुरळ, चालताना तोल जातो, रडू येतं, पुढे भास पण होतात. आणि ही लक्षणं बघून घरचे काय म्हणणार, हिच्या नसा आणखी कमजोर झाल्या, डोस वाढवा. याला ब्रोमिझम म्हणतात. विसाव्या शतकात रक्तातलं ब्रोमाइड मोजायची सोय झाल्यावर मनोरुग्णालयांत दाखल झालेल्यांमध्ये असे पेशंट निघायला लागले की ज्यांना बाटली बंद करून मीठ-पाणी दिलं की माणूस ताळ्यावर यायचा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात भयंकर गोष्ट अफू नाही, ही आहे. अफूची नशा घरच्यांना दिसते, ब्रोमाइडचा त्रास मूळ आजारासारखाच दिसतो.

७. दारूबंदीवाल्या बायका म्हणे हीच दारूची टॉनिकं प्यायच्या, खरं का?

खरं आहे, पण थोडं तोलून घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या लिडिया पिंकहॅमने १८७५ पासून ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ विकायला काढलं, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर, त्यात नर्व्हसपणा पण आला. पिंकहॅम बाई स्वतः दारूबंदीच्या बाजूच्या. आणि औषधात अल्कोहोल १८ ते २० टक्के! लेबलवर पुढे लिहायचे की हे फक्त वनस्पतींचा अर्क उतरवायला आणि टिकवायला घातलंय.

आता हिशोब करा. मोठा चमचा १५ मिलि धरला तर त्यात ३ मिलि अल्कोहोल, आपल्याकडच्या ३० मिलिच्या स्मॉल पेगमध्ये १३ च्या आसपास. म्हणजे एका चमच्याने काही चढत नाही, चार-पाच चमच्यांनी एक पेग होतो. सांगितलेल्या डोसात घेतलं तर दिवसभर एक हलकी ऊब राहील इतकंच. पण दिवसाला बाटली संपवणाऱ्या पण होत्याच. बाकी त्यात वनस्पती होत्या, ब्लॅक कोहोश वगैरे, आणि मेथ्या पण होत्या, बाळंतिणीच्या लाडवात घालतो त्याच.

८. सेलरीचा नसांशी काय संबंध?

काही नाही. तेव्हा सेलरी खाल्ली की नसा शांत होतात असं लोक मानायचे, त्याचा फायदा व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टनच्या वेल्स, रिचर्डसन कंपनीने घेतला आणि पेन्स सेलरी कंपाउंड चालवलं. शांत कशाने वाटायचं ते प्रश्न ४ मधल्या २१ टक्क्यांत आहे.

९. कोका-कोला खरंच नसांचं औषध होतं? की व्हॉट्सॲप फॉरवर्ड?

यावेळी फॉरवर्ड बरोबर आहे. अटलांटाचा जॉन पेंबर्टन हा औषधवाला, अमेरिकन यादवी युद्धात १८६५ मध्ये जखमी झालेला आणि त्यातून मॉर्फिनच्या सवयीला लागलेला. त्याने १८८५ मध्ये ‘फ्रेंच वाइन कोका’ काढलं, वाइन आणि कोकाची पानं (कोकेन यांच्यातच असतं), डोकेदुखी आणि नसांच्या थकव्यावर. कल्पना त्याची नव्हती, पॅरिसमध्ये अँजेलो मारियानी १८६३ पासून असंच पेय विकत होता आणि तेराव्या लिओ पोपने त्याला सुवर्णपदक दिलं होतं. मग अटलांटात दारूबंदी आली, पेंबर्टनने वाइन काढून साखरेचं सिरप घातलं, आणि ८ मे १८८६ ला जेकब्ज फार्मसीत कोका-कोला ५ सेंटला ग्लास विकायला सुरुवात झाली. पहिल्या जाहिरातींत त्याला ब्रेन टॉनिक म्हटलंय, डोकेदुखी, न्यूराल्जिया (नसांची कळ), हिस्टेरिया, उदासी या सगळ्यांवर उपाय. कोकेन १९०३ च्या सुमारास काढून टाकलं. १८८६ मध्ये कोकेन बेकायदा नव्हतं हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळी गोष्ट चोरटी वाटते.

१०. क्लोरोडाइन भारतात तयार झालं हे खरं आहे का?

जवळपास. जॉन कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर, १८४८ च्या सुमारास त्याने कॉलऱ्यावर म्हणून हे मिश्रण बनवलं. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म, तिन्ही एका बाटलीत. कॉलऱ्यात अफूने जुलाब आणि कळा थांबायच्या, रोग थांबायचा नाही, पण कळा थांबणं ही त्या माणसासाठी छोटी गोष्ट नव्हती. इंग्लंडला गेल्यावर जाहिरातीत त्याच बाटलीवर खोकला, दमा, न्यूराल्जिया, निद्रानाश, हिस्टेरिया सगळं चढलं. हिंदुस्थानात येणाऱ्या साहेब-मडमांच्या औषधपेटीत क्लोरोडाइन हमखास असायचं.

त्यातली भांग पण इथूनच गेली. कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसीने १८३९ मध्ये गांजा-भांगेवर प्रयोग लिहून काढले, तिथून ती विलायती औषधांत शिरली.

११. हिंग पण हिस्टेरियावर द्यायचे म्हणे?

हो, आणि हे ऐकून आपल्याकडे सगळे हसतात. व्हिक्टोरियन डॉक्टर हिंगाच्या गोळ्या ‘आचके थांबवणारं’ म्हणून हिस्टेरियावर द्यायचे. समज असा की घाण वासाने नसा ठिकाणावर येतात, व्हॅलेरियनची मुळं पण त्याच कारणाने, त्यांना मळक्या मोज्यांसारखा वास येतो. (व्हॅलेरियन आपल्या जटामांसीच्या कुळातलं.) बेशुद्ध पडलेल्या बाईच्या नाकाशी स्मेलिंग सॉल्टची कुपी धरायचे, त्यात अमोनियम कार्बोनेट, त्याने मात्र माणूस खरंच दचकून जागा होतो. पोटात गॅस धरून छातीत धडधडत असेल तर हिंगाने बरं वाटलं असेलही, आजी काय वेगळं करते?

१२. फॉस्फरस मेंदूला चांगला, हे कुठून आलं?

मेंदूत फॉस्फरस असतो हे केमिस्टना कळलं होतं, आणि ‘फॉस्फरसशिवाय विचार नाही’ हे याकोब मोलेशॉटचं वाक्य फार गाजलं. तिथून फॉस्फोडाइन, फॉस्फेरिन, हायपोफॉस्फाइट सिरप असल्या नावांची रांग लागली. फॉस्फेरिन तपासलं तेव्हा त्यात मुख्यतः क्विनाइन, फॉस्फोरिक ॲसिड, थोडं अल्कोहोल आणि पाणी. डाळ-भात-दुधात याच्यापेक्षा जास्त फॉस्फरस मिळतो. परीक्षेच्या आधी पोरांना ‘ब्रेन टॉनिक’ पाजणाऱ्या आईबापांनी हे एकदा वाचावं, बाकी मी काही बोलत नाही.

१३. बीचमच्या गोळ्या तर पोटाच्या, त्या नसांच्या यादीत कशा?

कारण जाहिरातीतच ‘पित्ताच्या आणि नर्व्हस विकारांवर’ असं छापायचे. लँकशरमधल्या सेंट हेलेन्सच्या थॉमस बीचमच्या या गोळ्या, घोषवाक्य ‘एका डबीला एक गिनी (२१ शिलिंग) मोजावी अशा’. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने असली औषधं लॅबमध्ये तपासून निकाल छापले, त्यात बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. एक शिलिंग (म्हणजे १२ पेनी) दीड पेनीच्या डबीत ५६ गोळ्या, आणि त्यांच्या कच्च्या मालाचा खर्च अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, म्हणजे साडेतेरा पेनीच्या डबीत आठव्या हिश्श्याच्या पेनीचा माल.

पण गोळी काम करायची, जुलाबाची होती ना. आठ दिवस पोट साफ नसलेल्या माणसाचं डोकं जड असतं, चिडचिड होते, पोट मोकळं झालं की बरं वाटतं, आणि तो म्हणतो माझ्या नसा सुधारल्या.

१४. म्हणजे एकही औषध खऱ्या अर्थाने उपयोगी नव्हतं?

एक उदाहरण मी नेहमी देते. डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल, कॅनडातल्या ब्रॉकव्हिलच्या जॉर्ज फुलफोर्डने १८९० मध्ये हिचे हक्क ५३ डॉलर आणि १ सेंटला घेतले आणि जगभर विकून अफाट पैसा केला. मुख्य घटक लोह. त्या काळात तरुण मुलींत ॲनिमिया प्रचंड होता, थकवा, धडधड, चक्कर, उदासी हे सगळं त्यातून यायचं, आणि त्यालाच नर्व्हस म्हणायचे. अशा मुलीला लोहाची गोळी महिनाभर दिली तर ती खरोखर सुधारणार, यात फसवणूक कुठे? फसवणूक पुढे, कारण त्याच गोळ्या त्यांनी अर्धांगवायू आणि लोकोमोटर ॲटॅक्सियावर पण विकल्या, हा दुसरा आजार सिफिलिसने पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू पोखरल्यावर होतो, त्याला लोह काय करणार?

बाकी आपोआप बरं होणाऱ्या तक्रारी, आणि ‘औषध घेतलंय’ या धीराने बरं वाटणं, हे सगळ्याच बाटल्यांना लागू.

१५. पुरुषांसाठी वेगळं मार्केट होतं का?

होतं आणि ते जास्त गलिच्छ होतं. ‘नर्व्हस डिबिलिटी’ हा तिथला कोडवर्ड, अर्थ धातू जाणं, हस्तमैथुनाची भीती, लग्नाआधीची धास्ती. लंडनमध्ये डॉ. कान्स म्युझियम नावाचं शरीरशास्त्राचं प्रदर्शन होतं, आत मेणाचे भयानक पुतळे, गुप्तरोगाने सडलेले अवयव, बघून घाबरलेल्या पोराला तिथेच सल्ला आणि औषध विकायचं. १८७३ मध्ये कोर्टाने ते बंद करून पुतळे फोडायला लावले. या धंद्यात ब्लॅकमेल पण चालायचं, पैसे देणं थांबवलंत तर घरी पत्र जाईल असं. रेल्वेच्या डब्यातून दिसणाऱ्या भिंतींवर अजून काय रंगवलेलं असतं ते तुम्हाला माहितीय.

१६. विजेचे पट्टे खरंच चालायचे का?

काहींमधून करंट खरंच यायचा. पुल्व्हरमाखरची साखळी म्हणजे लाकडाच्या छोट्या काड्यांवर तांब्याची आणि जस्ताची तार गुंडाळलेली, ती व्हिनेगरमध्ये बुडवून अंगावर बांधायची, बॅटरी झाली तयार, कातडीला मुंग्या यायच्या. चार्ल्स डिकन्सने १८७० मध्ये मरणाच्या काही दिवस आधी ही मागवली होती. नसांत शक्तीचा साठा असतो म्हटल्यावर (प्रश्न २) तो विजेने चार्ज करावा असं वाटणं साहजिकच. उलट लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या हार्नेसच्या ‘इलेक्ट्रोपॅथिक बेल्ट’मध्ये म्हणण्यासारखा करंटच नव्हता, १८९३ मध्ये पेपरवाल्यांनी तो उघडा पाडला आणि कंपनी बसली.

१७. डॉक्टर हिस्टेरियावर व्हायब्रेटर वापरायचे, ते?

ती १९९९ मधल्या एका पुस्तकातली थिअरी, सिनेमा-नाटकांमुळे फार पसरली. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी तिचे संदर्भ एकेक करून तपासले, पुरावा मिळाला नाही. सोडून द्या.

१८. ती ‘मी बरी झाले’वाली पत्रं खोटी असायची का?

काही खोटी, काही विकत घेतलेली, पण बरीचशी खरी. लोक मनापासून लिहायचे, कारण बरं वाटलेलं असायचं (प्रश्न ४, १४). खरी लबाडी पत्रांचं पुढे काय व्हायचं यात होती. पिंकहॅमच्या जाहिराती सांगायच्या, मिसेस पिंकहॅमना लिहा, एक बाईच दुसऱ्या बाईचं दुःख जाणते, तुमचं पत्र पुरुषाच्या हाती पडणार नाही. लिडिया पिंकहॅम १८८३ मध्येच वारली होती. १९०५ मध्ये लेडीज होम जर्नल या अमेरिकन मासिकाने तिच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला आणि शेजारी कंपनीची जाहिरात, त्यात बाई अजून जिवंत असल्यासारखी सल्ला देतेय. उत्तरं ऑफिसातल्या टायपिस्ट मुली लिहायच्या.

त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच कंपन्या ही पत्रं गठ्ठ्याने दलालांना विकायच्या. नर्व्हस पेशंटच्या पत्रांचा गठ्ठा दुसऱ्या नर्व्ह टॉनिकवाल्याने भाड्याने घ्यायचा आणि त्या पत्त्यांवर स्वतःचं साहित्य पाठवायचं. डेटा विकणं नवीन नाहीये.

१९. ब्रिटिश बाटल्यांवर सरकारी स्टॅम्प दिसतो, म्हणजे सरकारची मान्यता होती?

नव्हती, तो टॅक्स होता. १७८३ पासून अशा औषधांवर स्टॅम्प ड्यूटी होती, एक शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनी, म्हणूनच सगळीकडे ती विचित्र १ शिलिंग दीड पेनी किंमत दिसते. लोक मात्र त्याला सरकारी हमी समजायचे आणि कंपन्या तो समज मोडायला जात नव्हत्या. सरकारला उत्पन्न मिळत होतं म्हणून कायदा कडक करायला पण घाई नव्हती. ड्यूटी १९४१ ला गेली.

२०. हे सगळं बंद कसं झालं?

हळूहळू, आणि पूर्ण कधीच नाही. इंग्लंडमध्ये १८६८ च्या फार्मसी ॲक्टने अफूवर ‘विष’ लेबल आणलं पण पेटंट औषधांना वगळलं, क्लोरोडाइनवर ते लेबल यायला १८९२ उजाडलं, तेही कोर्टामुळे. १९१२ मध्ये पार्लमेंटची समिती बसली, तिचा रिपोर्ट ४ ऑगस्ट १९१४ ला आला, त्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं, मग कोण वाचतंय.

अमेरिकेत पेपरवाले गप्प होते त्याला कारण होतं. जाहिरातीच्या करारात एक लाल शाईतलं कलम असायचं, तुमच्या राज्यात आमच्याविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द. म्हणजे संपादक आपोआपच कायद्याच्या विरोधात. लेडीज होम जर्नलने १८९२ मध्ये औषधांच्या जाहिराती घेणं बंद केलं, १९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्सने कोलियर्स साप्ताहिकात या औषधांवर लेखमाला लिहिली, आणि १९०६ चा कायदा आला. या कायद्याने असल्या मालावर बंदी घातली नाही, फक्त अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, क्लोरल, भांग वगैरे किती आहे ते लेबलवर लिहा म्हटलं. तेवढ्याने पुष्कळ बाटल्या पडल्या. बाळाला देतोय त्यात मॉर्फिन आहे हे वाचल्यावर आई दुसऱ्यांदा घेत नाही.

२१. मग आपली अश्वगंधारिष्ट-द्राक्षासव पण तशीच नाही का? त्यात पण अल्कोहोल असतं.

असतं, आंबवताना आपोआप तयार होतं, वरून ओतत नाहीत, आणि लेबलवर त्याचं प्रमाण छापलेलं असतं. पाठ (म्हणजे कृती) पण गुप्त नाही, अश्वगंधारिष्टाचा पाठ भैषज्यरत्नावली या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आहे, कोणीही वाचावा. गुप्तपणाच्या मुद्द्यावर तुलना बसत नाही. फायदा किती होतो हा वेगळा प्रश्न, तो वैद्यांना विचारा.

२२. भारतात ही विलायती औषधं यायची का? आपल्याकडचं काही होतं का?

भरपूर यायची. होलोवेच्या गोळ्यांची वापरायची माहिती हिंदुस्थानी भाषांतसुद्धा छापलेली असायची. या थॉमस होलोवेने गोळ्यांच्या पैशातून इंग्लंडमध्ये व्हर्जिनिया वॉटरला मध्यमवर्गीय मनोरुग्णांसाठी भव्य सॅनिटोरियम बांधलं, १८८५ मध्ये उघडलं. गोळ्यांनी बरे न झालेल्यांची सोय म्हणा हवं तर.

आपल्याकडे अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालं, नागेश्वर राव या आंध्रच्या माणसाने, मद्रासला ते नंतर गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती देशभर असायच्या, अशक्तपणा आणि नसांवर. कायद्याचं म्हणाल तर १९३० मध्ये कर्नल चोप्रा यांची समिती, १९४० चा औषध कायदा, आणि १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा. या शेवटच्या कायद्यात कुठल्या आजारांवर ‘बरं करतो’ अशी जाहिरात करायची नाही त्यांची यादी आहे, ती उघडून बघा, त्यात ‘नर्व्हस डिबिलिटी’ अजून आहे, आणि लोकोमोटर ॲटॅक्सिया पण.

२३. आजोबांच्या ट्रंकेत जुनी बाटली सापडली, आत थोडं औषध आहे. काय करू?

चव घेऊ नका, वास पण घेऊ नका, बेसिनमध्ये ओतू नका. पातळ टॉनिकमध्ये स्ट्रिकनीन असेल तर ते काळाने तळाशी बसू शकतं, त्यातही ब्रोमाइडबरोबर असेल तर नक्कीच, कारण दोन्ही मिळून जे बनतं ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून तळाचा घोट सगळ्यात विषारी, जुन्या कंपाउंडरांना हे शिकवलेलं असायचं. बूच तसंच राहू द्या, बाटली उभी ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

काळ ओळखायचा तर लेबल बघा. ब्रिटिश ड्यूटीचा स्टॅम्प असेल तर १९४१ च्या आधीची. अमेरिकन बाटलीवर अल्कोहोलचा टक्का छापलेला असेल किंवा १९०६ च्या कायद्याचा उल्लेख असेल तर ती व्हिक्टोरियन नाही, नंतरची आहे, भले लेबलवरची बाई कितीही जुन्या फॅशनचा झगा घालून बसलेली असो. नर्व्हाइनमध्ये तर ब्रोमाइड १९७० च्या दशकापर्यंत होतं. रिकामी, स्वच्छ बाटली शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही. भरलेली असेल तर आधी जवळच्या फार्मसी कॉलेजला फोन करा.